माणसं समजून घेण्याची नोकरी

परवा तिसगावच्या स्टँडवर आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीची लेक भेटली. बी.ए.चा निकाल लागलेला, तोही फर्स्ट क्लास. पेढे कुठंयत म्हटलं तर पोर कसनुसं हसली. नुसत्या बी.ए.ला कोण विचारतंय काकू, म्हणाली. बी.एड., पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा, आणि यातलं काहीच जमलं नाही तर लग्न. एवढ्याच वाटा तिला दिसत होत्या. मीही आर्ट्सचीच, त्यामुळे तिचं बोलणं जरा लागलंच. घरी भाकरी थापताना इरावतीबाई कर्वे आठवत राहिल्या. त्याही बी.ए.च झाल्या होत्या, आणि विषय होता तत्त्वज्ञान!

मैत्रिणींनो, ‘युगान्त’मुळे इरावतीबाईंचं नाव आपल्याला माहीत असतं. महाभारतातल्या माणसांवरच्या या पुस्तकाला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण लेखन हा झाला त्यांच्या आयुष्याचा एक भाग. त्यांची रोजची नोकरी वेगळीच होती. त्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या. नाव अवघड वाटतं, पण काम सांगायला सोपं आहे. माणसं कुठून आली, कशी राहतात, कुणाशी सोयरीक करतात, काय खातात, कुणाला देव मानतात, हे त्यांच्यात जाऊन समजून घ्यायचं.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातला. वडील तिथं इंजिनिअर होते. इरावती नदीवरून लेकीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्यात हुजूरपागेत धाडलं. एवढ्याशा पोरीला आईबापांपासून इतकं लांब ठेवायचं म्हणजे सोपं नव्हतं. पुढं फर्ग्युसन कॉलेजातून त्या १९२६ साली बी.ए. झाल्या. मग मुंबईत डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्रात एम.ए. केलं. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी लग्न झालं.

एम.ए. झाल्यावर पीएच.डी.साठी जर्मनीला जायचं ठरलं. बायकांच्या शिक्षणासाठी जन्म वेचलेल्या सासऱ्यांनाही सुनेचं हे परदेशी जाणं पसंत नव्हतं. दिनकरराव मात्र ठाम पाठीशी उभे राहिले. कर्ज काढून त्या बर्लिनला गेल्या. तिथं काम मिळालं माणसांच्या कवट्या मोजायचं! गोऱ्या लोकांचा मेंदू इतरांपेक्षा सरस असतो, अशी त्यांच्या प्राध्यापकांची धारणा होती आणि मोजमापांतून तेच निघावं अशी अपेक्षा. इरावतीबाईंनी नेटानं मापं घेतली. तसा काही फरक त्यांना दिसला नाही, आणि जे दिसलं तेच त्यांनी लिहिलं. परक्या देशात, मार्क ज्यांच्या हातात त्यांच्याच मताविरुद्ध! पुढं काही वर्षांतच हिटलर आला आणि या वंशश्रेष्ठत्वाच्या खुळापायी लाखो माणसं मारली गेली.

१९३० साली डॉक्टरेट झाली. परत आल्यावर काही वर्षं त्यांनी एसएनडीटी विद्यापीठात रजिस्ट्रारची नोकरी केली. खुर्ची मानाची होती, पण कागदांत जीव रमेना. १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि शेवटपर्यंत तिथल्याच झाल्या. तीन मुलांचा संसार सांभाळून खेडोपाडी, जंगलातल्या वस्त्यांवर त्या हिंडल्या. पुण्यात बाई स्कूटरवर दिसणं नवलाचं होतं, तेव्हा त्या स्कूटर चालवायच्या. खानदेशातल्या भिल्लांचा त्यांनी अभ्यास केला, देशभरातल्या नात्यागोत्यांच्या रीतींवर १९५३ साली मोठा ग्रंथ लिहिला. पंढरीच्या वारीत चालल्या, तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी, हे पाहून त्यांना वाईट वाटलं. ते त्यांनी मोकळेपणानं लिहिलं.

कोयना धरणासाठी उठवलेल्या माणसांचं पुढं काय झालं, हेही त्यांनी शोधलं. लेक जाई निंबकर यांच्यासोबत केलेली ही पाहणी १९६९ साली छापून आली. धरणाचं पाणी किती, वीज किती, हे सगळेच सांगतात. घर गेलेली बाई आता कुठं आहे, हे कुणीतरी जाऊन विचारावं लागतं. शेवगाव-नेवाशाकडची गावं जायकवाडीत गेली, तिथल्या माहेरवाशिणींना हे जास्त सांगायला नको.

११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई गेल्या. शरीराची मापं घेऊन जातीजमातींचा अभ्यास करायची त्यांची पद्धत आज मागं पडली आहे. पण माणसांत जाऊन बसायचं आणि जे दिसेल तेच लिहायचं, ही शिस्त काही जुनी झालेली नाही.

ही नोकरी आजही आहे बरं का! पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात हा विषय शिकवतात. भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण ही केंद्र सरकारची संस्था आहे. पुण्यातच आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. जागा थोड्या असतात आणि शिकावं बरंच लागतं, हे खरंच. पण आपल्या पोरींचं निम्मं शिक्षण घरीच झालेलं असतं. आपल्या शेजारी मढीला कानिफनाथांच्या यात्रेत कुठकुठले भटके लोक येतात, गाढवांचा बाजार भरतो. लहानपणापासून आपण ते बघतो, पण कुणाजवळ बसून विचारत नाही. मीही पाहणीचे कागद घेऊन दारोदार जाते तेव्हा उंबऱ्यातून विचारलं की बाया हो-नाही एवढंच बोलतात. चुलीपाशी बसले, दोन शेंगा सोलू लागले की खरं काय ते सांगतात.

त्या पोरीला मी सांगून आले आहे, पुढचा फॉर्म भरायच्या आधी एकदा घरी ये म्हणून. ‘युगान्त’ काढून ठेवलंय. आणि पेढे तिनं नाही आणले, तर मीच आणणार आहे.