गोविंद बल्लाळ देवल : रूपांतरातून स्वतंत्रतेकडे

मराठी नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात गोविंद बल्लाळ देवल यांच्या नावावर सात नाटके जमा आहेत. त्यांपैकी सहा नाटकांचे मूळ संस्कृत वा इंग्रजी वाङ्मयात आहे; स्वतंत्र असे एकच, ‘शारदा’. या हिशेबामुळे देवलांविषयीचे विवेचन बहुधा दोन वाटांनी जाते. एक वाट ‘शारदे’ची थोरवी गाऊन इतर नाटकांची केवळ यादी देते, दुसरी त्यांना कुशल रूपांतरकार ठरवून ‘शारदा’ हा अपवाद मानते. दोन्ही वाटांनी त्यांच्या लेखनजीवनातील एक सलग सूत्र निसटते असे प्रस्तुत लेखकास वाटते. ते सूत्र शोधण्यासाठी त्यांचे चरित्र आणि त्यांची नाटके यांचा एकत्र विचार करणे अगत्याचे आहे.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी सांगलीजवळच्या हरिपूर येथे झाला. कृष्णा-वारणेच्या संगमावरील, संगमेश्वराच्या देवळाचे हे गाव. त्यांचे शिक्षण बेळगावात झाले आणि तेथेच त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर हे शिक्षक म्हणून लाभले. पुढे देवलांनी स्वतःही शिक्षकाचा पेशा काही काळ पत्करला. गुरुशिष्यांचा हा संबंध वर्गापुरता राहिला नाही. १८८० साली किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’चा प्रयोग पुण्यात करून संगीत नाटकाला जे रूप दिले, त्याचा संस्कार देवलांवर निर्णायक ठरला. दुसरीकडे आर्योद्धारक नाटक मंडळीच्या निमित्ताने गद्य नाटकाशी, विशेषतः शेक्सपिअरच्या मराठी अवतारांशी, त्यांचा परिचय झाला होता. संगीत आणि गद्य या दोन्ही परंपरांत सारख्याच सहजतेने वावरणारे नाटककार त्या पिढीत फार थोडे आढळतात.

किर्लोस्कर १८८५ मध्ये निवर्तले. ‘रामराज्यवियोग’ अपुरेच राहिले होते आणि मंडळीपुढे नव्या नाटकांचा प्रश्न उभा होता. तालमी घेणे, नटांकडून भूमिका बसवून घेणे, पदांना चाली योजणे आणि नवी संहिता पुरविणे या सर्व जबाबदाऱ्या देवलांकडे आल्या. ते आधी तालीममास्तर होते आणि मग नाटककार, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही. संवाद कानाला कसा लागेल आणि नटाच्या तोंडी कसा बसेल याचे त्यांचे भान या कामातून घडले.

१८८६ ते १८९३ या सात-आठ वर्षांत त्यांनी शारदापूर्व सर्व नाटके लिहिली. पहिले ‘दुर्गा’. त्याचे मूळ टॉमस सदर्नच्या सतराव्या शतकातील शोकांतिकेत आणि गॅरिकने तिला दिलेल्या ‘इझाबेला’ या रूपात आहे. पती मृत झाला असे समजून पुनर्विवाह करणारी स्त्री आणि नंतर जिवंत परतणारा पती, असे ते मूळ कथानक. पुनर्विवाहाच्या वादाने मराठी समाज ढवळून निघालेला असताना देवलांची निवड अशा कथेवर पडावी, हा योगायोग मानणे कठीण आहे. ‘मृच्छकटिक’ करताना शूद्रकाच्या दहा अंकी पसाऱ्याला त्यांनी आटोपशीर केले. चारुदत्ताचे दारिद्र्य, वसंतसेनेची निष्ठा, शकाराचा दुष्ट मूर्खपणा आणि शर्विलकाची चोरी हे सारे त्यांनी घरगुती मराठीत बोलते केले. ‘विक्रमोर्वशीय’ आणि बाणाच्या ‘कादंबरी’वरून रचलेले ‘शापसंभ्रम’ यांविषयी इतकेच म्हणता येईल की त्यांतील अद्भुत सृष्टी देवलांच्या प्रतिभेला फारशी मानवत नव्हती. त्यांची लेखणी रमते ती भोवतालच्या माणसांत, घरात, ओसरीवर आणि घाटावर.

या टप्प्यातील अधिक उद्बोधक जोडी ‘झुंझारराव’ (१८९०) आणि ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ (१८९३) यांची आहे. पहिले नाटक ‘ऑथेल्लो’चे रूपांतर, दुसरे आर्थर मर्फीच्या ‘ऑल इन द राँग’ या सुखात्मिकेचे, जिचे मूळ पुन्हा मोलिएरच्या १६६० मधील ‘स्गानारेल’ या प्रहसनात आहे. या दोन नाटकांचा एकत्र विचार सहसा केला जात नाही. एक शोकान्त आणि एक हास्यप्रधान, त्यामुळे समीक्षक त्यांना वेगवेगळ्या कप्प्यांत टाकतात. वस्तुतः दोहोंचा विषय एकच आहे : पतीच्या मनातील संशय. ‘झुंझाररावा’त जाधवराव एका रुमालाच्या आधारे कमळजेविरुद्ध पुरावा उभा करतो, ‘फाल्गुनरावा’त ते काम एका तसबिरीवाचून अडत नाही, आणि तेथे कोणी जाधवरावही लागत नाही. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते, ती पत्नीच्या हाती पाहून फाल्गुनरावाचा संशय पेटतो. तर मूर्च्छित रेवतीला सावरणाऱ्या पतीला पाहून कृत्तिकाही तितक्याच खात्रीने उलटा निष्कर्ष काढते. पहिल्या नाटकात संशयाने एका निरपराध स्त्रीचा प्राण जातो, दुसऱ्यात प्रेक्षकांची हसून मुरकुंडी वळते. तीन वर्षांच्या अंतराने एकाच मनोविकाराची दोन्ही टोके हाताळणाऱ्या लेखकाला केवळ मागणी तसा पुरवठा करणारा कारागीर म्हणता येईल काय?

रूपांतराच्या तंत्राविषयीही येथेच बोलले पाहिजे. फाल्गुन, कृत्तिका, अश्विन, रेवती, भादव्या, वैशाख, मघा, आषाढ्या, अशी महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे पात्रांना देऊन देवलांनी परकी कथा पंचांगातच बसविली. ही केवळ गंमत नव्हे. त्यामुळे पात्रे एका कुटुंबातली वाटू लागतात. त्याहून महत्त्वाचा फेरफार रेवतीचा. इंग्रजी नाटकातील कुलीन नायिकेच्या जागी त्यांनी मघा नायकिणीची मुलगी आणली. परपुरुषाशी मोकळेपणाने बोलणारी, प्रेमात पडणारी तरुणी तत्कालीन मराठी पांढरपेशा घरात दाखविणे अवघड होते, हे त्यामागचे व्यावहारिक कारण असावे. परंतु परिणाम असा झाला की वसंतसेनेनंतर पुन्हा एकदा गणिकावर्गातील स्त्री देवलांच्या रंगभूमीवर सन्मानाने उभी राहिली.

१८९३ नंतर सहा वर्षांनी, १३ जानेवारी १८९९ रोजी, किर्लोस्कर मंडळीने इंदूर येथे ‘शारदे’चा पहिला प्रयोग केला. विषय जरठ-कुमारी विवाहाचा. तो मराठी नाटकाला अगदीच नवा नव्हता. विजोड विवाहांचे दुष्परिणाम म. बा. चितळे यांच्या ‘मनोरमा’ने १८७१ मध्येच मांडले होते, आणि स्त्रीशिक्षणाची टवाळी करणारी ‘तरुणीशिक्षण नाटिका’ही १८८६ च्या सुमारास गाजली होती. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्याचा गदारोळ ताजा होता. सांगली-हरिपूरच्या परिसरातील एका वृद्ध सत्ताधीशाच्या विवाहावरून हे नाटक सुचले अशी परंपरा सांगतात. ती खरी धरली तरी तिने नाटकाचा उलगडा होत नाही. विषय अनेकांना ठाऊक होता. देवलांनी त्यात माणसे पाहिली.

कांचनभटाचा लोभ, भद्रेश्वर दीक्षिताची गोडबोली दलाली, इंदिराकाकूंचा घरातल्या घरात कोंडलेला विरोध आणि तारुण्याचा आव आणणारा भुजंगनाथ, यांतील एकही पात्र विचाराचे बाहुले झालेले नाही. शारदा आणि तिच्या मैत्रिणी यांचे प्रवेश तर मराठी नाटकात त्यापूर्वी कोठेच आढळणार नाहीत असे आहेत. लग्नाच्या वयातील मुली आपल्या भवितव्याविषयी आपसांत बोलताना येथे प्रथम ऐकू येतात. पदांच्या चालीही बायकांच्या गाण्यांशी, कीर्तनाशी नाते सांगणाऱ्या. तीनच वर्षांपूर्वी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘वीरतनया’ने पारशी-गुजराती चालींची मोहिनी रसिकांवर घातली होती, देवल त्या वाटेला गेले नाहीत.

‘शारदे’च्या शेवटाविषयी मात्र मतभेद राहणारच. भुजंगनाथाचे लग्न मोडते ते वधूवर सगोत्र असल्याचे उघड होते म्हणून, म्हातारा आणि मुलगी यांचा विवाह अधर्म्य ठरतो म्हणून नव्हे. पुढे बोहल्यावरून परतलेली, कोणाचीच न राहिलेली शारदा जीव द्यायला निघते. कोदंड तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या संमतीने दोघांचा विवाह होतो. म्हणजे वधूवर वेगवेगळ्या गोत्रांचे असते तर? हा प्रश्न नाटक विचारीत नाही, आणि ती त्याची मर्यादा आहे. शास्त्राच्या चुकीवर शास्त्राचाच उपाय शोधण्यात देवलांचे प्रेक्षकभान दिसते, पण सुधारकी धैर्य थोडे उणे पडते. असे असूनही नाटकाचा परिणाम शेवटावर अवलंबून राहिला नाही. प्रेक्षकाच्या मनात घर करते ती शारदेची असहायता. बालविवाहास आळा घालणारा १९२९ चा शारदा कायदा या नाटकावरून ओळखला जातो असा समज अद्यापि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत भेटतो. तो कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाचा. नाटकाचा ठसा किती खोल होता हे या चुकीच्या समजुतीवरूनही कळते.

यानंतर देवलांनी नवे नाटक लिहिले नाही. सतरा वर्षांचे हे मौन त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड भाग होय. स्वतंत्र नाटकाचे सामर्थ्य सिद्ध झाल्यावर लेखकाने थांबावे याचे एक संभाव्य कारण त्यांच्या वृत्तीतच आहे. त्यांना नाटक लिहावयाचे नसून बसवावयाचे असे. संहिता ही त्यांच्या दृष्टीने तालमीची सामग्री होती. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन केल्यानंतर देवल पुन्हा कामाला लागले तेही नव्या विषयासाठी नव्हे, तर जुन्या ‘फाल्गुनरावा’ला पदांची जोड देण्यासाठी. हे संगीत रूप म्हणजे ‘संशयकल्लोळ’. गद्य प्रहसनाच्या वेगाला पदांनी खीळ बसू नये ही त्यातील अडचण होती, आणि ती देवलांनी पदे प्रसंगाच्या ओघात, संवादाच्या भाषेत लिहून सोडविली.

१४ जून १९१६ रोजी देवलांचे निधन झाले. ‘संशयकल्लोळ’ गंधर्व मंडळीच्या रंगमंचावर आले ते त्यानंतर, त्याच वर्षी. फाल्गुनराव होते गणपतराव बोडस आणि रेवती बालगंधर्व.