क्लोरोफॉर्मची मात्रा आणि हैदराबादचे डॉ. लॉरी

औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड हे जिल्हे निजामाच्या राज्यात होते, त्या काळात या संस्थानाचे नाव जगभरच्या शल्यचिकित्सकांच्या तोंडी झाले ते एका वादामुळे. रुग्णाला भूल देताना क्लोरोफॉर्म किती आणि किती वेगाने द्यावा, आणि त्या वेळी लक्ष श्वासावर ठेवावे की नाडीवर, असा तो वाद होता. त्याच्या केंद्रस्थानी होते डॉ. एडवर्ड लॉरी (१८४६-१९१५). त्यांचे उत्तर पुढे अर्धेच खरे ठरले. तरीही औषधाच्या वेगाचा प्रश्न त्यांनी ज्या हट्टाने लावून धरला, त्याची दखल वैद्यकाच्या इतिहासाला घ्यावी लागली.

लॉरी यांचे शिक्षण एडिंबरोचे. प्रख्यात शल्यचिकित्सक जेम्स साइम यांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. क्लोरोफॉर्मचा भूल म्हणून पहिला वापर नोव्हेंबर १८४७ मध्ये जेम्स सिम्प्सन यांनी केला, तोही याच शहरात. साइम यांच्या पद्धतीत कसलेही यंत्र नसे. कापडावर क्लोरोफॉर्म टाकायचा, हवा मोकळी खेळू द्यायची आणि रुग्णाच्या श्वासावरची नजर हलू द्यायची नाही. गुरूचा हा धडा लॉरी यांनी जन्मभर प्रमाण मानला. हिंदुस्थानात आल्यावर लाहोरच्या वैद्यकीय शाळेत त्यांनी शल्यशास्त्र शिकवले. १८८५ मध्ये ते हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले आणि तेथील वैद्यकीय शाळेची सूत्रेही त्यांच्याकडे गेली. संस्थानातील दवाखान्यांना लागणारे डॉक्टर याच शाळेत तयार होत.

क्लोरोफॉर्म हे तेव्हा वरदानही होते आणि धास्तीही. केवळ शस्त्रक्रियेसाठीच नव्हे, तर बाळंतपणात येणाऱ्या आकड्या आणि न थांबणारे अपस्माराचे झटके आवरण्यासाठीही डॉक्टर ते हुंगवत. मात्र २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या नखाची किरकोळ शस्त्रक्रिया होत असताना काही क्षणांत दगावली, आणि तेव्हापासून अशा मृत्यूंची नोंद वाढतच गेली. हे औषध हृदयच थांबवते, असे मानणारा एक पक्ष होता. १८८० मध्ये ग्लासगोच्या समितीनेही हृदयावरील दुष्परिणामांकडेच बोट दाखवले होते. लॉरी यांना हे मुळीच मान्य नव्हते. मृत्यू होतो तो मात्रा जास्त झाल्याने किंवा श्वास कोंडल्याने. आधी श्वास बंद पडतो, हृदय मागाहून. म्हणून नाडी चाचपत बसणारा डॉक्टर धोक्याची पहिली खूणच चुकवतो, असे त्यांचे मत होते.

हे मत सिद्ध करण्यासाठी १८८८ मध्ये पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग नेमला गेला. आयोगाने कुत्र्यांवर प्रयोग केले आणि निष्कर्ष लॉरी यांच्या बाजूने दिला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने त्यावर शंका घेताच लॉरी यांनी एक धाडसी खेळी केली. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने एक हजार पौंड मंजूर केले आणि ‘लॅन्सेट’नेच आपला तज्ज्ञ पाठवावा, असे कळवले. औषधशास्त्रातील मोठे नाव असलेले डॉ. थॉमस लॉडर ब्रंटन १८८९ च्या अखेरीस हैदराबादला दाखल झाले. निघताना त्यांचा कल हृदयाच्या धोक्याकडे होता, हे विशेष. एका देशी संस्थानाने विलायतेतील शास्त्रीय वाद सोडवण्यासाठी स्वतःच्या तिजोरीतून पैसा घातल्याचे असे उदाहरण त्या काळात क्वचितच सापडेल.

दुसऱ्या आयोगाने चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग केले. त्यांत कुत्र्यांप्रमाणेच माकडे, घोडे, शेळ्या, मांजरे आणि ससेही होते. आजच्या वाचकाला हे वाचताना अस्वस्थ वाटल्यावाचून राहणार नाही. रक्तदाबाचा आलेख काजळी लावलेल्या फिरत्या नळकांड्यावर उमटवला गेला आणि क्लोरोफॉर्मची वाफ सौम्य असताना, तीव्र असताना व श्वास कोंडला असताना काय घडते, ते टिपले गेले. निष्कर्ष पुन्हा तोच निघाला आणि ब्रंटन यांचेही मत बदलले. आयोगाने घालून दिलेले नियम साधे होते. छातीवरचे कपडे सैल करावेत, रुग्णाचा श्वास नैसर्गिक लयीत चालू द्यावा आणि त्याने श्वास रोखला तर कापड तत्काळ दूर करावे. घुसमटलेला रुग्ण श्वास रोखून मग एकदम खोल श्वास घेतो आणि त्या एका श्वासात जीवघेणी मात्रा आत जाते, हे त्यामागचे कारण होते.

याच आयोगाच्या कामात हैदराबादच्या एका तरुण डॉक्टरनेही भूल देण्याचे काम केले. त्यांचे नाव डॉ. रूपाबाई फर्दुनजी. १८८५ मध्ये या शाळेत प्रवेश घेतलेल्या पहिल्या पाच विद्यार्थिनींपैकी त्या एक होत्या. १८८९ मध्ये शिक्षण पूर्ण करून त्यांनी भूल देण्याचेच क्षेत्र निवडले. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचा उल्लेख होतो. स्त्रियांना या शाळेत आणण्याचे लॉरी यांचे काम आयोगाइतकेच मोलाचे होते, पण त्याचा गाजावाजा झाला नाही.

आयोगाचा विजय मात्र फार काळ टिकला नाही. १८९३ मध्ये केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोर यांनी क्लोरोफॉर्म हृदयाला थेट दुबळे करते, हे दाखवले. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी त्याहून धक्कादायक गोष्ट उघड केली. भूल हलकी असतानाच, विशेषतः शरीरात ॲड्रेनलिन वाढलेले असताना, हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन ते एकाएकी थांबू शकते. म्हणजे थोडी मात्रा ही सुरक्षित मात्रा, हा लॉरी यांचा विश्वासच डळमळीत झाला. घाबरलेल्या, नुकत्याच गुंगीत जाणाऱ्या रुग्णांचे मृत्यू का होत, याचा उलगडा यातून झाला.

झटके थांबवणारी आजची औषधे क्लोरोफॉर्मपेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत, तरी हे दोन्ही धोके त्यांनाही चुकलेले नाहीत. शिरेतून दिलेले डायझेपाम किंवा लोराझेपाम घाईने गेले तर श्वास मंदावतो. लोराझेपाम मिनिटाला दोन मिलिग्रॅमपेक्षा वेगाने देत नाहीत, ते यासाठीच. १९३८ पासून वापरात असलेले फिनायटॉइन शिरेतून वेगाने दिले तर रक्तदाब कोसळतो आणि हृदयाची लय बिघडते. त्याला काही अंशी ते ज्या द्रावकात विरघळवलेले असते तो द्रावकही कारणीभूत असतो. म्हणून प्रौढांना मिनिटाला ५० मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा आहे. वयोवृद्ध आणि हृदयरुग्णांसाठी वेग आणखी कमी ठेवतात. किलोमागे २० मिलिग्रॅम या हिशेबाने ६० किलो वजनाच्या रुग्णाला १२०० मिलिग्रॅम द्यायचे, तर किमान २४ मिनिटे लागतात. झटक्यांनी तळमळणारा माणूस समोर असताना ही २४ मिनिटे नातेवाइकांना युगासारखी वाटतात, पण घाई करता येत नाही. त्या वेळात ईसीजी, रक्तदाब आणि श्वास या तिन्हींवर लक्ष ठेवले जाते. औषध साध्या सलाइनमध्येच मिसळावे लागते, कारण ग्लुकोजच्या द्रावणात त्याचे कण तयार होतात.

लॉरी स्वतः शेवटपर्यंत आपल्या मतावर ठाम राहिले. हजारो रुग्णांना आपल्या पद्धतीने भूल देऊन एकही दगावला नाही, असा त्यांचा दावा होता. १९०१ मध्ये त्यांनी विद्यार्थी आणि डॉक्टरांसाठी क्लोरोफॉर्मवर पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी निवृत्त होऊन ते इंग्लंडला परतले. ज्या अफझलगंज रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, ते १९०८ मध्ये मुसी नदीच्या महापुरात उद्ध्वस्त झाले. पुढल्याच वर्षी रूपाबाई अधिक अभ्यासासाठी एडिंबरोला, म्हणजे लॉरी यांच्याच विद्यानगरीला, गेल्या. लॉरी यांचे निधन १९१५ मध्ये झाले. रूपाबाई त्यानंतरही दोन वर्षे, १९१७ पर्यंत, हैदराबादच्या रुग्णालयांत भूल देत होत्या.