पथ्य, प्रार्थना आणि शेळीचे दूध

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी येरवडा कारागृहातून आणलेल्या एका चोपन्न वर्षांच्या कैद्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. नामदार श्रीनिवास शास्त्री आणि डॉ. फाटक यांना मुद्दाम बोलावून त्यांच्यासमोर संमतीपत्रावर सही घेण्यात आली होती. कैद्याच्या जिवाचे काही बरेवाईट झाले असते, तर देशभर आग्यामोहोळ उठले असते, याची सरकारला पुरेपूर कल्पना होती. हा कैदी म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना त्यांनीच डॉक्टर आणि रुग्णालये या दोहोंवर अत्यंत कठोर टीका केली होती. माती, पाणी, उपवास आणि पथ्य यांवर रोग बरे होतात, ही त्यांची श्रद्धा सर्वांना ठाऊक होती. तरीही त्या रात्री त्यांनी सुरीला संमती दिली. टीकाकारांनी यात विसंगती पाहिली. गांधीजींनीही ही आपली दुर्बलता असल्याचे लपवले नाही.

शरीराशी त्यांचा हा व्यवहार फार जुना होता. २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला जन्मलेल्या मोहनदासांची प्रकृती लहानपणापासून किरकोळ. मांस खाल्ल्याने माणूस बलवान होतो, या समजुतीने राजकोटला असताना त्यांनी चोरून मांसाहार करून पाहिला आणि सोडूनही दिला. १८८८ मध्ये ते बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले ते आईला दिलेल्या शपथेने बांधलेले. तेथे हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक हाती पडले आणि शपथेचे रूपांतर विचारात झाले. लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत ते काम करू लागले. आहार हा आयुष्यभराच्या प्रयोगाचा विषय झाला तो तेव्हापासून.

प्रयोगाची खरी निकड भासली ती दक्षिण आफ्रिकेत. जोहान्सबर्गला वकिली भरभराटीला आली. पण बद्धकोष्ठ आणि डोकेदुखीने पाठ सोडली नाही. रेचके घेऊन दिवस ढकलणे चालले होते. त्याच सुमारास, मँचेस्टरमध्ये सकाळची न्याहारी वर्ज्य करणारे एक मंडळ निघाल्याचे त्यांच्या वाचनात आले. इंग्रज लोक फार वेळा आणि फार खातात, हे त्या मंडळाचे म्हणणे गांधीजींना स्वतःलाही लागू वाटले. न्याहारी बंद केली. पहिले काही दिवस जड गेले, पण डोकेदुखी गेली. आपण गरजेपेक्षा अधिक खात होतो, हा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला. बद्धकोष्ठ मात्र राहिले. लुई कुन्हे या जर्मन निसर्गोपचारकाच्या कटिस्नानाने थोडा आराम पडला. पुढे अ‍ॅडॉल्फ जस्ट यांचे निसर्गाकडे परतण्याचा संदेश देणारे पुस्तक मिळाले आणि ओल्या मातीची पट्टी रात्रभर पोटावर बांधण्याचा उपाय सुरू झाला. या उपायाने त्यांना कायमचा गुण आला, अशी नोंद त्यांनी ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मचरित्रात केली आहे. आजच्या वैद्यकाच्या दृष्टीने पाहिले तर कमी खाणे, फळे, कोंड्यासह पिठाची भाकरी आणि रोजची मैलोगणती चाल यांचा वाटा मातीपेक्षा मोठा असावा. पण ते काही असो. औषधाची बाटली सुटली, ती या वेळेपासून.

स्वतःवरचे प्रयोग एक गोष्ट आणि घरच्यांवरचे दुसरी. १९०२ मध्ये गांधी कुटुंब मुंबईत गिरगावात राहत असताना दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला. त्यात न्यूमोनियाची लक्षणे. डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस देण्यास सांगितले. गांधीजींनी नकार दिला आणि कटिस्नान व पाणी घातलेला संत्र्याचा रस यांवर मुलाला ठेवले. ताप १०४ अंशांखाली येईना. मुलगा रात्री वाताच्या भरात बडबडू लागला. आपल्या हट्टापायी मुलगा जातो की काय, या विचाराने बापाचा जीव खालीवर होत होता. अखेर ओल्या चादरीत मुलाला गुंडाळून, वरून घोंगड्या घालून, कस्तुरबांना जवळ बसवून ते चौपाटीवर फिरायला गेले. तोंडाने रामनाम चालू होते, लक्ष घरी. परत आले तेव्हा मुलाला दरदरून घाम फुटला होता. मणिलाल वाचला. हा गुण ईश्वरकृपेचा, पाण्याचा की काळजीपूर्वक शुश्रूषेचा, हे ठरवण्याच्या भरीला गांधीजी पडले नाहीत. आजच्या पालकांनी मात्र हा प्रसंग अनुकरणासाठी वाचू नये. विषमज्वरावर तेव्हा औषधच नव्हते, आज आहे.

दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांना वारंवार रक्तस्राव होत असे. शस्त्रक्रिया झाली, तरी व्याधी पुन्हा उलटली. तेव्हा मीठ आणि डाळी सोडाव्यात, असा आग्रह पतीने धरला. तुम्हाला तरी हे सोडणे जमेल का, असे बांनी विचारताच गांधीजींनी त्याच क्षणी वर्षभरासाठी दोन्ही पदार्थ सोडले. वरणाशिवाय ज्यांच्या घशाखाली भात उतरत नाही, त्यांना या प्रसंगाचे वजन सांगायला नको. बांना वाईट वाटले, त्यांनीही पथ्य पाळले आणि त्या बऱ्या झाल्या. पथ्य दुसऱ्यावर लादण्याआधी स्वतः पाळायचे, हा त्यांचा रिवाज होता. अर्थात अशा प्रतिज्ञेपुढे पत्नीला नाही म्हणण्याची सोय कितपत उरत होती, हा प्रश्न राहतोच.

१९१२ मध्ये त्यांनी दूध वर्ज्य केले. दूध इंद्रियांना चेतवते, ही समजूत त्यामागे होती, आणि अधिक दुधासाठी कलकत्त्याकडे गाईम्हशींचे जे हाल केले जात, त्यांचे वर्णन वाचून आलेली शिसारीही होती. पुढे हे व्रत फार महाग पडले. १९१४ मध्ये लंडनला फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली. डॉ. जीवराज मेहता यांनी दूध घेण्यास सांगितले. स्वतः आजारी असलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनीही आग्रह धरला. गुरुस्थानी मानलेल्या गोखल्यांनाही गांधीजींनी नकारच दिला.

कसोटी लागली ती १९१८ मध्ये. खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करताना भुईमुगाचे लोणी आणि लिंबू यांवर ते राहत होते. पोट बिघडले असता सणाच्या दिवशी तेलात परतलेली गव्हाची गोड लापशी खाल्ली आणि आमांशाने गाठले. औषध नको, इंजेक्शन नको, दूध नको. शरीर इतके खंगले, की आपला शेवट जवळ आला असे समजून त्यांनी आश्रमवासीयांशी निरवानिरवीची भाषा केली. अशा वेळी केळकर नावाचे एक महाराष्ट्रीय गृहस्थ बर्फाचा उपचार घेऊन आले. गांधीजींना ते आपल्यासारखेच छांदिष्ट वाटले. अंगाला बर्फ लावण्याच्या या उपचाराने थोडी हुशारी आली, भूक लागू लागली. हवापालटासाठी माथेरान गाठले, तर तेथील पाणी मानवेना.

१९१९ च्या जानेवारीत मुंबईत डॉ. दलाल यांनी मूळव्याधीची शस्त्रक्रिया केली आणि दुधाशिवाय हे शरीर पुन्हा उभे राहणार नाही, असे स्पष्ट सांगितले. गांधीजींनी व्रताकडे बोट दाखवले. तेव्हा खाटेशी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी तोड काढली. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती. मग शेळीचे दूध का चालू नये? गांधीजींनी ते मान्य केले. व्रताचे अक्षर पाळले आणि आत्मा मोडला, ही रुखरुख त्यांना पुढे कायम राहिली. रौलट कायद्याविरुद्ध लढण्याची ओढ नसती, तर कदाचित त्यांनी तेही दूध घेतले नसते. काही आठवड्यांत ते देशव्यापी सत्याग्रहाच्या तयारीला लागले, हे त्या दुधाचे श्रेय बांच्या खाती जमा व्हायला हवे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ मध्ये त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार वजन अवघे ४६.७ किलो आणि तरीही २६ ऑक्टोबर १९३७ रोजी रक्तदाब १९४/१३०, तर १९ फेब्रुवारी १९४० रोजी २२०/११०. मिताहारी, शाकाहारी, रोज चालणाऱ्या माणसाचे हे आकडे आहेत! पथ्याने सारे काही टळत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधायला नको. या रक्तदाबावर त्यांनी सर्पगंधाही घेतली. शिवाय मनाला विसावा देण्याची त्यांची स्वतःची पद्धत होती. सोमवारचे मौन, सकाळ-संध्याकाळची प्रार्थना, चरखा आणि फिरणे. देशभराचे ताण अंगावर घेणाऱ्या माणसाने आठवड्यातला एक दिवस बोलणे बंद ठेवावे, यातील शहाणपण आजच्या धावपळीत अधिकच पटते. सेवाग्रामला कुष्ठरोगाने जर्जर झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आले, तेव्हा गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांना जागा दिली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालीश केले. लोक ज्याच्या सावलीला भीत, त्याला स्पर्श मिळाला.

पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना १९४२ मध्ये त्यांनी ‘आरोग्याची किल्ली’ लिहिली. त्याच वास्तूत १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई गेले. १९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबा अखेरच्या दुखण्यात होत्या. तेव्हा अत्यंत दुर्मीळ असलेले पेनिसिलिन पुत्र देवदास यांनी कलकत्त्याहून विमानाने मागवले. दर काही तासांनी सुई टोचावी लागेल, हे कळल्यावर गांधीजींनी ते देऊ नये, असे मत दिले. २२ फेब्रुवारीला बांनी त्यांच्या मांडीवर प्राण सोडला. हृदय आणि मूत्रपिंडे आधीच थकलेली असल्याने औषधाने त्या वाचल्या असत्या, असे म्हणता येत नाही. पण हा निर्णय आजही अनेकांना बोचतो. दोन महिन्यांच्या आत हिवतापाने त्यांनाच घेरले, तेव्हा त्यांनी क्विनाईन घेतले, त्यामुळे ती बोच अधिक टोकदार होते. ६ मे १९४४ रोजी सरकारने त्यांची सुटका केली. जुहू आणि पाचगणी येथे विश्रांती घेऊन ते पुन्हा उभे राहिले.

पुण्यात ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते. गांधीजींचा तेथे अनेकदा मुक्काम पडला आणि १९४५ मध्ये स्थापन झालेल्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. पण शहरातील हे उपचार ऐपतदारांनाच परवडतात, हे लवकरच त्यांच्या ध्यानी आले. गरिबाच्या आरोग्याचे काम खेड्यातच करायला हवे, म्हणून २२ मार्च १९४६ रोजी ते सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचन येथे जाऊन राहिले. गावकऱ्यांच्या रांगा लागल्या. ऊन, कटिस्नान, दूध, ताक, फळांचा रस, स्वच्छता आणि रामनाम, एवढीच त्यांची औषधे. ३० मार्चला राजकीय वाटाघाटींसाठी ते निघून गेले. ज्या तरुणावर हे काम सोपवले, ते मणिभाई देसाई मात्र १९९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत उरुळीतच राहिले. गावचे महादेव तात्याबा कांचन यांनी जमीन दिली आणि निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. मणिभाईंनी १९६७ मध्ये तेथूनच ‘बाएफ’ संस्था सुरू केली. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दुधाला आयुष्यभर बिचकणाऱ्या गांधीजींच्या या शिष्याची संस्था पुढे नावाजली गेली, ती संकरित गाईंच्या पैदाशीने शेतकऱ्याच्या घरचे दूध वाढवण्यासाठी.