उन्हाचा रेटा मोजणारे लेबेदेव

मे महिन्याच्या भर दुपारी परभणीच्या काळ्या रानात ऊन पडते, तेव्हा ते जमीन तापवते हे कोणाला सांगावे लागत नाही. पण ते जमिनीला ढकलतेही. अख्ख्या एकरावर मिळून हा रेटा भरतो सुमारे दीड ग्रॅम वजनाएवढा. रानातली साधी झुळूकसुद्धा त्याच्या कितीतरी पट जोर लावते. इतका क्षीण रेटा प्रयोगशाळेत पहिल्यांदा मोजला तो रशियाच्या प्योत्र लेबेदेव यांनी.

लेबेदेव यांचा जन्म १८६६ सालचा, मॉस्कोतल्या व्यापारी घरातला. मुलाने धंदा सांभाळावा ही वडिलांची इच्छा. मुलाला ओढ यंत्रांची आणि भौतिकशास्त्राची. शाळेत लॅटिन झालेले नसल्याने रशियातल्या विद्यापीठांचे दार बंद होते, म्हणून ते जर्मनांच्या ताब्यातल्या स्ट्रासबर्गला गेले आणि १८९१ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले. धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्याच्या उलट बाजूलाच का वळते, या प्रश्नाने त्यांना त्याच काळात पछाडले होते. सूर्याचे किरण ती ढकलत असावेत, अशी कल्पना केप्लरने सतराव्या शतकातच मांडली होती. मॅक्सवेलने १८७३ मध्ये या रेट्याचे गणितही दिले. प्रयोगाचा पुरावा मात्र नव्हता, आणि लॉर्ड केल्विनसारख्या बुजुर्गाला मॅक्सवेलचा सिद्धान्तच पटत नव्हता.

मॉस्कोत परतल्यावर १८९५ मध्ये लेबेदेव यांनी अवघ्या सहा मिलिमीटर लांबीच्या विद्युत लहरी निर्माण केल्या. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांचे तसेच काम त्याच सुमारास सुरू होते. मग लेबेदेव प्रकाशाकडे वळले.

अडचण प्रकाशाची नव्हती, हवेची होती. विज्ञान प्रदर्शनात काचेच्या गोळ्यातली एक भिंगरी दिसते. तिची पाती एका बाजूने काळी, दुसऱ्या बाजूने चकचकीत असतात आणि ऊन पडले की ती फिरते. ती प्रकाशाच्या रेट्याने फिरते असे अनेकांना वाटते, पण तिला फिरवते ती आत उरलेली, तापलेली विरळ हवा. हा धक्का प्रकाशाच्या रेट्याहून खूप मोठा असतो. लेबेदेव यांनी तो एकेक करून काढून टाकला. काही मिलिमीटर रुंदीच्या धातूच्या चकत्या त्यांनी अतिशय पातळ घेतल्या, म्हणजे दोन्ही बाजू जवळपास सारख्याच तापाव्यात. काचपात्रात पाऱ्याचा थेंब ठेवून तो गरम केला. पाऱ्याच्या वाफेने उरलीसुरली हवा बाहेर हुसकली, आणि नंतर बर्फ-मिठाच्या गारव्याने ती वाफही गोठवली. प्रकाश आरशांनी वळवून आळीपाळीने दोन्ही बाजूंनी टाकला, म्हणजे हवेचे प्रवाह हिशेबातून वजा होतील. चकत्या बारीक धाग्याला टांगलेल्या होत्या. धाग्याला पीळ बसला. काळ्या चकतीपेक्षा चकचकीत चकतीवरचा रेटा दुपटीच्या आसपास भरला, मॅक्सवेलच्या गणितात होता तसाच. १९०० मध्ये पॅरिसच्या परिषदेत त्यांनी हे मांडले आणि केल्विन यांनीही हार मानली.

पुढचे काम याहून कठीण होते: वायूवरचा रेटा मोजण्याचे. त्यात जवळजवळ दहा वर्षे गेली. तोवर हृदयविकाराने त्यांना गाठले होते. १९११ मध्ये सरकारने मॉस्को विद्यापीठात पोलिसी हस्तक्षेप केला, तेव्हा शंभराहून अधिक अध्यापकांनी राजीनामे दिले. आजारी लेबेदेव त्यांत होते. नोकरी गेली, घडवलेली प्रयोगशाळा गेली. स्टॉकहोमहून चांगल्या जागेचे बोलावणे आले, पण शिष्यांना वाऱ्यावर सोडायला ते तयार नव्हते. एका घराच्या तळघरात त्यांनी नव्याने काम मांडले. १९१२ च्या मार्चमध्ये, ४६ व्या वर्षी, हृदय थांबले. त्यांच्यासाठी देणग्यांतून योजलेल्या संस्थेची इमारत उभी राहिली ती त्यांच्यामागे.

हाच रेटा आज जगभर पीएचडीचा विषय आहे. केसाहून कितीतरी बारीक सिलिकॉनच्या पट्टीत लेसरचा प्रकाश कोंडतात; पट्टी थरथरली की प्रकाशाचा रंग किंचित बदलतो आणि प्रकाशाच्या रेट्याने तिची थरथर आवरता येते. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रयोगात अशी थरथर निसर्गनियमाने जेवढी उरायलाच हवी, तेवढ्यावर आणली गेली.

याचे मोठे रूप परभणीच्या शेजारीच येऊ घातले आहे. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच असलेल्या औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जाणार आहे. तिच्या बाहू चार-चार किलोमीटरच्या, आरसे ४० किलोचे. लेसरच्या रेट्याने हे आरसेही किंचित हलतात, आणि ते हलणे किती याचा हिशेब तिथल्या शास्त्रज्ञांना आधीच मांडून ठेवावा लागतो.