मैफल ज्यांची होती, ते कार्ल पर्किन्स

अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात, ७०६ युनियन अव्हेन्यू या पत्त्यावर एक लहानसा ध्वनिमुद्रण कक्ष होता. ४ डिसेंबर १९५६ रोजी, मंगळवारी दुपारी, तेथे काढलेले एक छायाचित्र पुढे जगभर गेले. पियानोसमोर एल्विस प्रेस्ली बसले आहेत आणि त्यांच्याभोवती जेरी ली लुईस, कार्ल पर्किन्स व जॉनी कॅश उभे आहेत. चौघांपैकी कोणीही पंचविशी ओलांडलेली नव्हती. हे चित्र पाहणाऱ्याची नजर प्रथम प्रेस्ली यांच्याकडे जाते. परंतु त्या दिवशी तो कक्ष राखून ठेवला होता तो कार्ल पर्किन्स यांच्यासाठी. गाणी त्यांची, वाद्यवृंद त्यांचा आणि प्रतिष्ठा पणाला लागली होती तीही त्यांचीच.

पर्किन्स यांचा जन्म ९ एप्रिल १९३२ रोजी टेनेसीच्या वायव्य कोपऱ्यातील टिप्टनव्हिलनजीक झाला. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीने कापूस पिकवीत. कार्ल आणि त्यांचे भाऊ लहानपणापासून शेतात राबत. आसपासची बहुतेक कुटुंबे कृष्णवर्णीय मजुरांची होती आणि शेतात काम करताना ती भक्तिगीते गात. वडिलांनी सिगारची रिकामी पेटी आणि झाडूचा दांडा जोडून मुलाला पहिले गिटार करून दिले. पुढे जुने, झिजलेले खरे गिटार घरात आले. ते वाजवायला शिकवले जॉन वेस्टब्रुक या वयोवृद्ध कृष्णवर्णीय शेतमजुराने. तुटलेली तार नवी घेण्याइतके पैसे नसत, म्हणून कार्ल तिला गाठ मारीत. गाठीवरून बोट सरकवले की ते सोलवटे, त्यामुळे त्यांनी तार जागीच ताणून सूर वर चढवण्याची सवय लावून घेतली, असे ते पुढे सांगत. गोऱ्यांचे ग्रामीण संगीत आणि कृष्णवर्णीयांचे ब्लूज यांच्या मिश्रणातून निघालेल्या ज्या शैलीला पुढे रॉकबिली हे नाव मिळाले, तिच्या गिटारवादनातले एक लक्षण अशा गरिबीतून आले, ही गोष्ट संगीताच्या इतिहासकारांनाही मोहवीत आली आहे.

कुटुंब नंतर जॅक्सन शहराजवळ आले. कार्ल दिवसा ब्रेडच्या कारखान्यात काम करीत आणि रात्री जे व क्लेटन या दोन भावांसह आसपासच्या दारूच्या गुत्त्यांत वाजवीत. ड्रमवर डब्ल्यू. एस. हॉलंड हा तरुण बसू लागला, ज्याने त्यापूर्वी ड्रम हाती धरलेले नव्हते. १९५४ मध्ये रेडिओवर प्रेस्ली यांचे पहिले ध्वनिमुद्रण ऐकू आले तेव्हा पर्किन्स यांना उमगले, की आपण गुत्त्यात वाजवतो तसलेच संगीत तबकडीवर येऊ शकते. ते मेम्फिसला गेले आणि सन रेकॉर्ड्सचे मालक सॅम फिलिप्स यांच्यासमोर उभे राहिले.

‘ब्लू स्वेड शूज’ हे गाणे १९५५ च्या डिसेंबरात ध्वनिमुद्रित झाले. निळ्या स्वेडच्या बुटांवर गाणे रचावे, ही कल्पना सैन्यातील एका सहकाऱ्याची आठवण सांगताना जॉनी कॅश यांनी सुचवली होती. पर्किन्स यांना ती प्रथम पटली नाही. पुढे एका नृत्याच्या कार्यक्रमात, आपल्या बुटांवर पाय पडू नये म्हणून जोडीदारणीला बजावणारा तरुण त्यांनी पाहिला. त्या रात्री घरी त्यांनी बटाट्यांच्या कागदी पिशवीवर गाणे लिहून काढले. १९५६ च्या आरंभी तबकडी बाजारात आली आणि लोकप्रिय, ग्रामीण व ऱ्हिदम अँड ब्लूज या तिन्ही याद्यांच्या अग्रभागी पोहोचली. त्या काळी या याद्या म्हणजे वर्णभेदाच्या भिंतीच होत्या. त्या तिन्ही एका कापूसवेच्याच्या मुलाने ओलांडल्या. दहा लाखांवर खप झालेली ही सन कंपनीची पहिली तबकडी ठरली.

त्यानंतर २२ मार्च १९५६ चा दिवस उजाडला. न्यूयॉर्कमध्ये पेरी कोमो यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गाण्यासाठी पर्किन्स आणि त्यांचे साथीदार रातोरात मोटारीने निघाले होते. डेलावेअर राज्यात डोव्हर शहराजवळ त्यांची गाडी एका मालवाहू गाडीवर मागून आदळली. त्या गाडीचा चालक दगावला. पर्किन्स पाण्यात पालथे पडले होते. हॉलंड यांनी त्यांना ओढून बाहेर काढले. पर्किन्स यांच्या मानेच्या मणक्यांना आणि गळपट्टीच्या हाडाला इजा झाली, तर भाऊ जे यांची मान मोडली. दुसऱ्याच दिवशी प्रेस्ली यांचे साथीदार वादक रुग्णालयात भेटून गेले. पर्किन्स खाटेवर असतानाच, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, प्रेस्ली यांनी दूरचित्रवाणीवर तेच गाणे गायले. गाणे कोणाचे, हा प्रश्न सर्वसामान्य श्रोत्याच्या मनात पुढे उरला नाही. प्रेस्ली यांनी ते हिरावून घेतले असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. पर्किन्स यांच्या तबकडीचा खप त्यांच्या तबकडीपेक्षा अधिकच होता आणि दोघांमधला स्नेहही टिकून राहिला. परंतु जी संधी एकदाच दार ठोठावते ती रस्त्यावरच्या खड्ड्यात गेली, हेही खरे.

म्हणूनच डिसेंबरातल्या त्या दुपारला महत्त्व होते. पर्किन्स गमावलेले स्थान परत मिळवण्यासाठी आले होते. फिलिप्स यांनी पियानोच्या साथीला लुइझियानातून आलेल्या जेरी ली लुईस या अपरिचित तरुणाला बोलावले होते. त्याची पहिली तबकडी नुकतीच आली होती. ‘मॅचबॉक्स’ या गाण्याची कल्पना कक्षात उपस्थित असलेल्या वडिलांच्या आठवणीतल्या जुन्या शब्दांवरून निघाली आणि लुईस यांच्या पियानोवर ते आकाराला आले. काम आटोपत आले असता प्रेस्ली सहज डोकावले. वर्षभरापूर्वी, नोव्हेंबर १९५५ मध्ये, फिलिप्स यांनी त्यांचा करार ३५ हजार डॉलरना आरसीए कंपनीला विकला होता. आता त्यांचा पहिला चित्रपटही प्रदर्शित झाला होता. माहेरी आल्यासारखे ते पियानोपाशी बसले आणि मैफल रंगली.

ती ठरवून झालेली नव्हती. कोणी मध्येच सूर धरी, कोणी दोन ओळींनंतर सोडून देई, दार उघडबंद होई, गप्पा चालत. रॉक अँड रोलचे हे शिलेदार त्या दिवशी सर्वाधिक काय गायले, तर चर्चमधली भक्तिगीते. आपल्याकडे भजनाला बसलेल्यांपैकी एकाने चरण उचलावा आणि बाकीच्यांनी नकळत पाठ धरावा, तसे ते होत गेले, कारण ती गाणी चौघांनी लहानपणी एकाच तऱ्हेच्या गरीब घरांत ऐकली होती. चक बेरी यांचे एक गाणेही पुन्हा पुन्हा निघाले. लास व्हेगासमध्ये एक कृष्णवर्णीय गायक आपलेच गाणे आपल्यापेक्षा चांगले गात होता, हे प्रेस्ली यांनी नकला करीत मनमोकळेपणाने सांगितले. तो गायक होता जॅकी विल्सन. ध्वनिमुद्रक जॅक क्लेमेंट यांनी टेप चालू ठेवली, म्हणूनच हे आज ऐकता येते.

फिलिप्स चतुर व्यावसायिक होते. त्यांनी ‘मेम्फिस प्रेस-सिमिटर’ या दैनिकाला दूरध्वनी केला. मनोरंजनविषयक लेखन करणारे बॉब जॉन्सन छायाचित्रकाराला घेऊन आले. सोबत युनायटेड प्रेस वृत्तसंस्थेचा प्रतिनिधीही होता. दुसऱ्या दिवशीच्या मजकुरात जॉन्सन यांनी या चौघांना दशलक्ष डॉलरची चौकडी म्हटले आणि ते नाव कायम झाले. वास्तविक चौघे मिळून गात आहेत असे टेपवर जवळजवळ नाही. आपण माइकपासून दूर होतो आणि वरच्या पट्टीत गात होतो, असा खुलासा कॅश यांनी पुढे केला, तरीही त्यांचा आवाज ओळखू येणे कठीणच आहे. बातमीदारीच्या धंद्यातल्या माणसाला हे पाहून थोडे हसू येते, थोडी धास्तीही वाटते. एका मथळ्याने चार माणसांचे नाते कायमचे ठरवून टाकले. प्रेस्ली आरसीएशी करारबद्ध असल्याने ध्वनिमुद्रण बाजारात येणे शक्य नव्हते. पहिली तबकडी युरोपात १९८१ मध्ये निघाली, तेव्हा प्रेस्ली यांना जाऊन चार वर्षे झाली होती.

‘मॅचबॉक्स’ने पर्किन्स यांना पूर्वीचे स्थान मिळवून दिले नाही. उलट पियानोच्या साथीला आलेले लुईस वर्षभरात त्यांच्या पुढे निघून गेले. १९५८ मध्ये पर्किन्स कोलंबिया कंपनीकडे गेले. त्याच वर्षी जे यांचा मेंदूतील गाठीने मृत्यू झाला. पर्किन्स यांचे मद्यपान वाढत गेले.

उभारी आली ती सातासमुद्रापलीकडून. १९६४ मध्ये चक बेरी यांच्याबरोबर ते इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. तेथे बीटल्स या चार तरुणांना त्यांची गाणी तोंडपाठ असल्याचे त्यांना आढळले. जॉर्ज हॅरिसन यांनी तर १९६० च्या स्कॉटलंड दौऱ्यात कार्ल हे नाव धारण केले होते. बीटल्सनी पर्किन्स यांची तीन गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांपैकी ‘मॅचबॉक्स’च्या ध्वनिमुद्रणाला पर्किन्स स्वतः हजर होते. त्यातून येणाऱ्या मानधनाने संसाराला मोठा हातभार लागला.

पुढची सुमारे दहा वर्षे त्यांनी जॉनी कॅश यांच्या संचात गिटार वाजवले. साठच्या दशकाच्या अखेरीस दारू सोडली. कॅश त्या वेळी गोळ्यांच्या व्यसनाशी झुंजत होते आणि दोघांनी एकमेकांना सावरले. पर्किन्स यांनी लिहिलेले ‘डॅडी सँग बेस’ हे गाणे कॅश यांनी गाऊन ग्रामीण संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेले. घरातल्या सामूहिक भक्तिगायनाचे ते गाणे आहे. १९७३ मध्ये धाकटा भाऊ क्लेटन यानेही स्वतःच्या हाताने जीवन संपवले. तिघा भावांत पर्किन्स एकटे उरले.

जॅक्सनमधील एका लहान मुलाच्या छळाची आणि मृत्यूची बातमी वाचून ते अस्वस्थ झाले. १९८१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने तेथे बालअत्याचार प्रतिबंध केंद्र उभे राहिले. त्याच वर्षी पॉल मॅकार्टनी यांनी त्यांना माँटसेरात बेटावर ध्वनिमुद्रणासाठी बोलावले. १९८५ मध्ये कॅश, लुईस आणि रॉय ऑर्बिसन यांच्यासह ते पुन्हा युनियन अव्हेन्यूवरच्या त्याच कक्षात गायले. १९८७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. नव्वदच्या दशकात घशाच्या कर्करोगाशी त्यांनी झुंज दिली. १९ जानेवारी १९९८ रोजी, पक्षाघाताच्या झटक्यांनंतर, वयाच्या ६५ व्या वर्षी जॅक्सन येथे त्यांचे निधन झाले.

अंत्यविधीला लुईस आणि हॅरिसन उपस्थित होते. हॅरिसन यांनी गिटार घेऊन पर्किन्स यांचेच ‘युवर ट्रू लव्ह’ गायले. १९५७ च्या आरंभी ‘मॅचबॉक्स’ बाजारात आले, तेव्हा त्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर हेच गाणे होते.