चार रुपये पगाराचा गोलंदाज

स्मरणिकेसाठी एखाद्या खेळाडूवर लिही, असं समितीनं सांगितलं तेव्हा आधी मायकेल जॉर्डनच डोक्यात आला. केबल आल्यावर आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा देव तो. पण मग आठवली ती पावसाळाभर तळं होणारं मैदान आणि क्रीडादिनाच्या आदल्या संध्याकाळी तिथं फक्की मारणारा आपल्यातलाच एक मुलगा. रेषा सरळ त्याच्याच यायच्या. दुसऱ्या दिवशी शर्यतीच्या यादीत त्याचं नाव नसायचं. का नसतं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. म्हणून जॉर्डन राहू दे, बाळू पालवणकरांवर लिहिते.

कोकणातल्या पालवण गावावरून आडनाव पडलेलं हे चर्मकार कुटुंब. बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. वडील लष्करात नोकरीला होते, म्हणून मुलं पुण्यात वाढली. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि धाकटा शिवराम क्रिकेट शिकले. पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी क्लबात, खेळपट्टी झाडण्याची, महिना तीन रुपये. १८९२ मध्ये ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. पगार एक रुपयानं वाढला. रोलर फिरवायचा, रेषा आखायच्या, जाळ्या लावायच्या आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे.

साहेबांमध्ये जे. जी. ग्रेग हा नामांकित फलंदाज होता. तो इतरांच्या तासभर आधी येऊन बाळूंच्या डावऱ्या फिरकीवर सराव करी. प्रत्येक वेळी बाद केल्याबद्दल तो आठ आणे देई, असं सांगतात. तसं असेल तर हा आपल्याकडचा पहिला व्यावसायिक करार म्हणायला हरकत नाही! त्या जाळीत बाळूंनी शेकडो तास गोलंदाजी केली. बॅट मात्र त्यांच्या हातात कुणी दिली नाही. बॅट साहेबांनी धरायची.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं आणि हा गोलंदाज हवाच होता. पण चांभाराला संघात घ्यायचं कसं, यावर वाद झाला. शेवटी घेतलं, आणि त्याची जी पद्धत ठरली ती मला शाळेच्या कुठल्याही पुस्तकात वाचायला मिळाली नव्हती. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी बाकीचे तंबूत कपातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या बोळक्यात चहा मिळे. जेवणाचं टेबल वेगळं. बळी मात्र ते काढतच राहिले. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्ध त्यांनी सात गडी बाद केले. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना जाहीरपणे हार घातला आणि त्यानंतर पुण्यातला हा भेद थोडा सैल झाला, असं म्हणतात.

१८९६ मध्ये प्लेग आला आणि कुटुंब मुंबईला आलं. तिथं बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि हिंदू जिमखान्यात जागाही. मुंबईत निदान जिमखान्याच्या उपाहारगृहात त्यांचं ताट इतरांबरोबर लागू लागलं. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघानं युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. शिवरामही त्या संघात होता.

१९११ मध्ये अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग, वय १९. तेही बराच काळ राज्याभिषेकाच्या समारंभांत गुंतलेले. बाळू पस्तिशीत, खांदा दुखावलेला, क्षेत्ररक्षणाची साथ कमीच. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले, त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणी सामन्यांत. लेस्टरशायरला हरवलं त्या सामन्यात त्यांचे ११ बळी होते.

परतल्यावर सत्कार झाले. तरुण आंबेडकरांनाही त्यांचं मोठं कौतुक होतं. कर्णधारपद मात्र आलं नाही. शिवराम, विठ्ठल, गणपत हे धाकटे भाऊही मोठ्या सामन्यांत खेळू लागले होते आणि दरवर्षी घरात तीच निराशा येत होती. १९१३ मध्ये एम. डी. पै कर्णधार झाले, तेव्हा त्यांनीच सांगितलं की हा मान बाळूंचा होता. यापेक्षा मोठी साक्ष कुठली हवी?

१९२० मध्ये पै आजारी पडले. कर्णधारपद दि. ब. देवधरांकडे गेलं, आणि ४४ वर्षांच्या बाळूंना त्या सामन्यातून वगळण्यातच आलं. देवधर मोठे खेळाडू, यात शंका नाही. पण ते बाळूंपेक्षा १६ वर्षांनी लहान होते आणि संघात शिवराम, विठ्ठलही होते. दोघा भावांनी माघार घेतली आणि का घेतली ते जाहीर निवेदन काढून सांगितलं. घरच्यांच्या भाकरीचा विचार करून गप्प बसणं किती सोपं असतं, हे नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना वेगळं सांगायला नको.

गावभर चर्चा झाली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात भाऊ परतले, बाळू उपकर्णधार झाले. सामना चालू असताना पै मुद्दाम मैदानाबाहेर गेले, म्हणजे संघ बाळूंच्या हाती आला. ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१ अशा कारकिर्दीला कर्णधारपद मिळालं ते एवढंच, दुसऱ्याच्या औदार्यानं. १९२३ मध्ये विठ्ठल रीतसर कर्णधार झाला आणि युरोपियनांना हरवल्यावर लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

पुढे बाळू राजकारणात आले. स्वतंत्र मतदारसंघांना त्यांचा विरोध होता. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ मध्ये काँग्रेसनं त्यांना मुंबईत थेट डॉ. आंबेडकरांसमोर उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. ज्यांनी कधी कप पुढे केला नव्हता, त्यांना त्या वर्षी बाळू हवेसे वाटले याचं मला अजून वाईट वाटतं. अर्थात उभं राहण्याचा निर्णय त्यांचाही होता.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत ते गेले. सांताक्रूझच्या स्मशानात पुढारी आले होते आणि जुने क्रिकेटपटूही. तोवर विठ्ठलचं ‘माझे क्रीडा-जीवन’ प्रसिद्ध होऊन सात वर्षं झाली होती. आपल्या ग्रंथालयाच्या कपाटात ते होतं का, बाईंना विचारायचं आहे. आणि फक्की मारणारा तो मुलगा मेळाव्याला येणार असेल, तर त्याच्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी ठेवा.