केरीच्या केसरबाई

युरोपातल्या ऑपेरा गायिकांची नावे आपल्या तरुणांनी कुठेतरी ऐकलेली असतात. केसरबाई केरकरांबद्दल हिंगोलीत विचारले तर किती जण सांगतील? आम्हालाही त्या उशिराच कळल्या.

१३ जुलै १८९२ रोजी गोव्यातल्या केरी गावी, कलावंतांच्या घरात त्यांचा जन्म झाला. या घरांतल्या बाईचे गाणे सगळ्यांना हवे, तिच्या पंगतीला मात्र कुणी बसायचे नाही. हा हिशेब आपल्या वस्त्यांना नव्याने समजावून सांगावा लागत नाही.

लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँकडे काही महिने, पुढे रामकृष्णबुवा वझ्यांकडे त्या शिकल्या. खरी तालीम मिळाली ती १९२१ पासून, अल्लादिया खाँसाहेबांकडे. आणि ती वर्षानुवर्षे चालली. खुला, भरदार आवाज आणि न तुटणारा दमसास. मग संस्थानिक आणि शेठजी त्यांच्या बैठकीसाठी खोळंबू लागले, आणि बाई गायच्या त्या स्वतःच्या अटींवर. शिष्या मात्र जवळजवळ एकच केली, धोंडूताई कुलकर्णी. एवढी विद्या इतकी राखून ठेवली, हे आम्हाला खटकते.

१९६९ साली पद्मभूषण मिळाले.

५ सप्टेंबर १९७७ ला अमेरिकेचे व्हॉयेजर-१ यान सुटले. त्यातल्या सोनेरी तबकडीवर बाख आहे, बीथोव्हन आहे, मोझार्टच्या ऑपेरातले सोप्रानोचे गाणे आहे. भारतातून घेतलेले एकच, केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, त्या गेल्या. केरीत आज त्यांच्या नावाची शाळा आहे.